कामाचे नवे बूट पायात रुळवताना



दहावी-बारावीनंतर आपल्यातली बरीच मुलं-मुली आयटीआयला जातात. कुणी एमआयडीसीतल्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागतं, कुणी गॅरेजमध्ये, कुणी बांधकामावर. तिथे पहिल्यांदाच त्यांच्या पायात जाड चामड्याचे, पुढे लोखंडी टोपी असलेले बूट येतात. बोलताना आपण त्यांना 'सेफ्टी शूज' म्हणतो. तोपर्यंत पायाला सवय असते चपलेची, सँडलची, फार तर कापडी बुटाची.

यंत्र कसं चालवायचं, गॉगल का लावायचा, हे सगळं आपण मुलांना शिकवतो. बूट कसा घालायचा हे मात्र कुणी शिकवत नाही. त्यात काय शिकवायचं, असंच आपल्याला वाटतं. मग होतं काय, की नवा कोरा बूट पहिल्याच दिवशी सात-आठ तास पायात राहतो. दुपारपर्यंत टाचेला फोड येतो. दुसऱ्या दिवशी मुलगा लंगडत येतो. तिसऱ्या दिवशी बुटाची मागची कड दाबून तो चपलेसारखा वापरतो आणि चौथ्या दिवशी सरळ चप्पल घालून कार्यशाळेत उभा राहतो. हातोडा किंवा लोखंडाचा तुकडा पायावर पडायचा असेल, तर तो चौथा दिवस आहे की चाळीसावा हे पाहून पडत नाही.

म्हणून या लेखाचं सार आधीच सांगतो : कामाच्या पहिल्या दिवशी बूट नवे असता कामा नयेत. ते त्याआधी दोन आठवडे पायात थोडे थोडे रुळलेले असावेत. हे कसं करायचं आणि त्यामागे कारण काय, ते आता क्रमाने पाहू.

बूट 'चावतो' म्हणजे काय होतं?

आपल्याकडे 'बूट चावला' असं म्हणतात. खरं तर बूट पायाला नुसता घासतो असंही नाही. एक छोटा प्रयोग करून पाहा. डाव्या हाताच्या पालथ्या बाजूवर उजव्या हाताचं बोट दाबून ठेवा. बोट न घसरवता पुढे-मागे हलवा. बोट जागेवरच आहे, पण वरची कातडी बोटाबरोबर सरकते आणि आतलं हाड स्थिर राहतं. म्हणजे कातडीच्या वरच्या आणि खालच्या थरांत ओढाताण होते.

टाचेवर हेच घडतं. प्रत्येक पावलागणिक टाचेचं हाड बुटात वर-खाली होतं, पण बुटाला चिकटलेली वरची कातडी तेवढी हलत नाही. हजारो पावलं अशी पडली की कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात, मधल्या पोकळीत पाणी भरतं आणि फोड येतो. फोड फुटला की खालची नाजूक कातडी उघडी पडते आणि त्यावर पुन्हा बूट घालणं नकोसं होतं.

यात घामाची भर पडते. किंचित ओलसर कातडीवर घर्षण वाढतं. म्हणून उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात बूट जास्त चावतात. थोडक्यात फोड येण्याला तीन गोष्टी लागतात : दाब, हालचाल आणि ओल. बूट रुळवताना आपण जे जे करतो, ते या तिघांपैकी काहीतरी कमी करण्यासाठीच असतं.

चामडं रुळतं म्हणजे काय?

चामडं म्हणजे जनावराच्या कातडीतल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं. ते कापडासारखं विणलेलं नसतं, तंतू सगळ्या दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात. कमावण्याच्या प्रक्रियेत हे तंतू टिकाऊ होतात, कुजत नाहीत. बूट पायात घातला की पायाची ऊब, थोडा ओलावा आणि चालताना पडणारा बाक यांमुळे हे तंतू हळूहळू एकमेकांवरून सरकतात. चवड्याजवळ, जिथे पाऊल दुमडतं, तिथे कायमच्या सुरकुत्या पडतात. आतली गादी टाचेच्या आणि चवड्याच्या आकाराने दबते. यालाच आपण 'बूट पायात बसला' म्हणतो.

इथे दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. पहिली, चामडं रुंदीत थोडं सैल होतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणजे चवड्याला किंचित घट्ट वाटणारा बूट सुधारू शकतो, पण बोटं पुढे टेकणारा बूट कधीच सुधारत नाही. दुसरी गोष्ट, सेफ्टी शूजच्या पुढची टोपी लोखंडाची किंवा कडक संमिश्र प्लॅस्टिकची असते. ती एक मिलिमीटरही ताणली जात नाही. टाचेमागचा कडक भागही फारसा बदलत नाही, फक्त त्याच्या आतलं अस्तर मऊ होतं.

आता घरातल्या एका सवयीबद्दल बोलायला हवं. नवी कोल्हापुरी चप्पल आणली की आपण तिला तेल लावतो, दोन दिवस घरातच घालून फिरतो, मग ती बाहेर काढतो. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेलं असतं. ते सुरुवातीला कडक असतं, तेल पितं आणि पायाचा ठसा घेतं. कामाच्या बुटांचं चामडं मात्र बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते मुळातच जास्त लवचीक असतं आणि ताणलं तरी बरंचसं मूळ आकारावर परत येतं. शिवाय अनेक बुटांच्या चामड्यावर रंगाचा किंवा प्लॅस्टिकचा पातळ लेप असतो. त्यातून तेल आत शिरतच नाही, वर चिकट थर बसून धूळ मात्र धरते. तेव्हा कोल्हापुरीची तेलाची युक्ती इथे चालत नाही. पण 'दोन दिवस घरात घालून फिरा' ही तिची दुसरी युक्ती शंभर टक्के चालते.

निम्मं काम दुकानातच होतं

चुकीच्या मापाचा बूट कितीही रुळवला तरी चावतोच. म्हणून खरेदी करताना पुढच्या गोष्टी पाहा.

1. बूट घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभर उभं राहून पाय थोडा सुजतो. सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी आवळतो आणि कामावर तर आठ तास उभंच राहायचं असतं.

2. कामावर जे मोजे घालणार तेच घालून बूट पाहा. पातळ मोज्यावर घेतलेला बूट जाड मोज्यात घट्ट होतो.

3. दोन्ही पायांत घालून पाहा. आपले दोन्ही पाय अगदी सारखे नसतात. मोठ्या पायाच्या मापाने बूट घ्या. लहान पायाला लागलं तर एक पातळ सुकतळा जास्तीचा घालता येतो.

4. बुटातला सुकतळा बाहेर निघत असेल तर तो जमिनीवर ठेवून त्यावर उभे राहा. पायाचा चवडा दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत असेल तर तो बूट अरुंद आहे. दुकानात वरवर दाबून जे कळत नाही ते यातून लगेच दिसतं.

5. उभे राहिल्यावर सगळ्यांत लांब बोटापुढे साधारण एका अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. टोपीमुळे ती बाहेरून चाचपता येत नाही. म्हणून नाडी सैल करून पाय पूर्ण पुढे सरकवा आणि टाचेमागे एक बोट जातं का ते पाहा.

6. उकिडवे बसून पाहा. फिटर, वेल्डर, प्लंबर यांचं अर्धं काम उकिडवं बसूनच चालतं. बसल्यावर टोपीची मागची कड बोटांच्या सांध्यावर रुतत असेल, तर तो बूट त्या पायासाठी नाही.

7. चालताना टाच किंचित, म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरच्या आत उचलली जाते, ते ठीक. तळ मऊ झाल्यावर ते कमी होतं. त्याहून जास्त उचलली जात असेल तर फोड ठरलेलाच.

आपल्याकडे बुटाचे नंबर इंग्रजी पद्धतीचे असतात. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर. हे माप जवाच्या दाण्यावरून आलं आहे. जुन्या इंग्रजी मोजणीत तीन दाण्यांचा एक इंच होई. एक नंबर म्हणजे एवढा मोठा फरक आणि कामाच्या बुटांत अर्धा नंबर सहसा मिळत नाही. म्हणून 'सात नंबर सांगितला, सात नंबर आला' एवढ्यावर समाधान मानू नका. एका कंपनीचा सात आणि दुसरीचा सात यांच्या आतल्या आकारातही फरक असतो.

लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेत वावरलेल्या मुलांचा चवडा बऱ्याचदा पुढे पसरट असतो. तो पायाचा दोष नाही, उलट तो पाय मोकळा वाढलेला आहे. पण अरुंद साच्यावर बनवलेल्या बुटात त्याची करंगळी चेपते. अशा वेळी एक नंबर मोठा घेण्याऐवजी त्याच नंबरात रुंद बूट मिळतो का ते आधी विचारा. मोठ्या बुटात टाच हलते आणि त्रास पुढून मागे जातो, एवढंच.

मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. वेल्डिंग, फिटर, इलेक्ट्रिशियन अशा ट्रेडमध्ये आता मुली आहेत, पण त्यांना बऱ्याचदा पुरुषांच्या बुटाचा लहान नंबर दिला जातो. मुलीची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते, त्यामुळे बूट मागे सैल राहतो. मुलींसाठी वेगळ्या साच्यावर बनवलेले बूट मिळतात. संस्थेने मागणी नोंदवताना ते मुद्दाम विचारावेत.

पंधरा दिवसांचं वेळापत्रक

बूट रुळवण्याला युक्तीपेक्षा वेळ जास्त लागतो. खालचं वेळापत्रक घरी फ्रिजवर किंवा वर्गाच्या फळ्यावर लावता येईल.

*पहिला आणि दुसरा दिवस :* घरातच, स्वच्छ फरशीवर, अर्धा तास. मोजे घालूनच. तळ खराब होऊ देऊ नका, म्हणजे माप चुकलं असेल तर बूट बदलून घेता येईल. घालण्याआधी बूट दोन्ही हातांत धरून चवड्याजवळ, जिथे पाऊल दुमडतं तिथेच, दहा-पंधरा वेळा हलकेच वाकवा. टोपीच्या मागे वाकतो तिथेच वाकवा, मधोमध पिळू नका.

*तिसरा ते पाचवा दिवस :* रोज एक तास. घरातली कामं करा, जिना चढा-उतरा, उकिडवे बसा. नुसतं बसून राहिल्याने बूट रुळत नाही, तो वाकायला हवा.

*सहावा ते नववा दिवस :* रोज दोन तास, बाहेर. दुकानापर्यंत, बसस्टॉपपर्यंत चालत जा. मधे एक दिवस सुट्टी द्या, म्हणजे चामडं आणि पाय दोन्ही सुकतील.

*दहावा ते तेरावा दिवस :* तीन ते चार तास, त्यात सलग उभं राहणं असू द्या.

*चौदावा-पंधरावा दिवस :* पूर्ण दिवस घालून पाहा. पिशवीत जास्तीचे मोजे आणि कापडी चिकटपट्टी ठेवा.

जाड चामड्याच्या उंच बुटांना याहून थोडा जास्त वेळ लागतो, हलक्या बुटांना कमी. पण रोज थोडं थोडं हे सूत्र बदलू नका. एका दिवसात सहा तास घालून बूट लवकर रुळत नाही, फक्त पाय लवकर सोलतो.

आणि कार्यशाळा आधीच सुरू झाली असेल तर? तर बूट रुळले नाहीत म्हणून चप्पल घालायची नाही. टाचेवर आधीच पट्टी लावा, मधल्या सुट्टीत मोजे बदला, आणि घरी आल्यावर पायाला मोकळं ठेवा. शिक्षकांनी त्या मुलाला काही दिवस सतत उभं राहण्याऐवजी आलटून-पालटून बसून करायची कामं दिली तर त्याचा आठवडा निभावतो.

मोजे आणि नाडी

मोजा हा बुटाचाच भाग समजा. शुद्ध सुती मोजा घाम शोषतो खरा, पण तो ओला झाला की ओलाच राहतो. ओल म्हणजे घर्षण हे आपण पाहिलंच. कामाच्या बुटांसाठी टाचेला आणि चवड्याला जाड विणीचा, सूत आणि कृत्रिम धाग्यांच्या मिश्रणाचा मोजा बरा. ट्रेकिंगला जाणारे लोक एक युक्ती वापरतात : आत पातळ, गुळगुळीत मोजा आणि वर जाड मोजा. मग घसरण कातडीवर न होता दोन मोज्यांच्या मधे होते. बुटात तेवढी जागा असेल तरच हे करा. मोज्याची शिवण बोटांवर येत असेल तर मोजा उलटा करून घाला.

नाडी बांधणं हीसुद्धा शिकवायची गोष्ट आहे. बरीच मुलं नाडी एकदा सैल बांधून ठेवतात आणि बूट तसाच चढवतात-उतरवतात. त्यामुळे टाच आत डोलत राहते. बूट घातल्यावर आधी टाच जमिनीवर आपटून पाऊल मागे बसवा, मग नाडी खालून वर ओढत आणा. चवड्यावर थोडी सैल, घोट्याजवळ घट्ट. टाच तरीही सुटत असेल तर नाडीचं टोक सगळ्यांत वरच्या भोकात त्याच बाजूने घालून दोन्हीकडे छोटा फास तयार करा, समोरच्या बाजूची नाडी त्या फासातून ओवा आणि मग खाली ओढून गाठ मारा. घोट्याभोवती पकड बसते आणि टाच जागेवर राहते. या एका गाठीने अनेकांचा फोडांचा त्रास थांबतो.

पाय आधी सूचना देतो

फोड अचानक येत नाही. आधी त्या जागी गरम लागतं, मग चुरचुरतं, मग लाल होतं आणि मग फोड येतो. मुलांना एवढंच शिकवा : गरम लागलं की थांबायचं. बूट काढायचा, पाय पुसून कोरडा करायचा, त्या जागेवर कापडी चिकटपट्टी सुरकुती न पाडता लावायची. पाच मिनिटांचं काम आहे. ते टाळलं तर पाच दिवस जातात.

फोड आलाच तर तो सुईने किंवा काट्याने फोडू नका. वरची कातडी हीच खालच्या जखमेची सगळ्यांत चांगली पट्टी असते. साबण-पाण्याने धुऊन, कोरडा करून, वर मऊ गादीची पट्टी लावा. फोड आपोआप फुटला तर कातडी ओढून काढू नका. आजूबाजूची लाली पसरू लागली, पू दिसला, ताप आला, तर डॉक्टरांकडे जा. घरात कुणाला मधुमेह असेल आणि त्यांच्यासाठी नवे बूट घेतले असतील, तर जास्तच सावध राहा. पायाची संवेदना कमी झाली असेल तर फोड आल्याचं त्यांना कळतही नाही. त्यांनी रोज रात्री दोन्ही पाय उजेडात तपासावेत आणि साधा फोडही डॉक्टरांना दाखवावा.

हे मात्र करू नका

*बूट पाण्यात भिजवून पायात वाळवणं.* जुन्या काळच्या शिवलेल्या, जाड चामडी बुटांसाठी ही पद्धत सांगितली जात असे. आजच्या बुटाचा तळ बहुधा चिकटवलेला किंवा साच्यात ओतून जोडलेला असतो. भिजून तो सुटू शकतो आणि आतला पुठ्ठा फुगतो.

*चुलीजवळ, गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवणं.* जास्त उष्णतेने चामड्यातली स्निग्धता निघून जाते, तंतू आकसतात आणि चामडं तडकतं. ओलं चामडं तर आणखी लवकर बिघडतं.

*मागची कड दाबून घालणं.* एकदा मोडलेला टाचेचा आधार परत उभा राहत नाही. तिथे पडलेली घडीच पुढे चाकूसारखी घासते.

*हातोडीने टोपी किंवा टाच ठोकणं.* टोपीला चीर गेली किंवा पोचा पडला तर तिचा उपयोगच संपला.

*दुसऱ्याचा रुळलेला बूट वापरणं.* तो त्याच्या पायाला रुळलेला असतो, तुमच्या नव्हे.

*जपून ठेवणं.* आपल्याकडे चांगली वस्तू जपून ठेवायची सवय असते. पण अनेक बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट हवेत तो न वापरताही वर्षांनंतर भुसभुशीत होतो. पुढच्या वर्षी लागतील म्हणून आत्ताच घेऊन कपाटात ठेवू नका. वाढत्या वयात पायाचं मापही बदलतं.

करंगळीजवळ किंवा अंगठ्याच्या हाडाजवळ एकाच ठिकाणी लागत असेल, तर मोचीकडे न्या. लाकडी साचा घालून तेवढाच भाग तो हलकेच ताणून देतो. पण तो टोपीच्या मागचा भागच ताणू शकेल, हे त्याला आणि स्वतःलाही आधीच सांगा.

पावसाळ्यातली काळजी

आयटीआयचे वर्ग सुरू होतात तेच नेमके पावसाच्या दिवसांत. बूट भिजले तर सुकतळा बाहेर काढा, नाडी सैल करा, जीभ पुढे ओढा आणि आत वर्तमानपत्राचे बोळे भरा. दोन तासांनी कागद बदला. पंख्याखाली किंवा वारा असलेल्या सावलीत वाळू द्या. पूर्ण कोरडे झाल्यावर पॉलिशचा पातळ हात फिरवा. बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने पुसून हवेशीर ठेवा. बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नका. अर्धवट ओला बूट सकाळी पायात गेला, तर आदल्या पंधरा दिवसांची मेहनत एका दिवसात वाया जाते.

बूट रुळतोय की चुकलाय?

हे ओळखणं फार महत्त्वाचं आहे, कारण 'नवा आहे, होईल सैल' असं सांगून आपण मुलांना गप्प करतो.

रुळताना थोडा कडकपणा जाणवतो, पावलाच्या बाकाजवळ दाब येतो, टाचेला किंचित घासतं आणि हे सगळं दर दोन-तीन दिवसांनी कमी होत जातं. याउलट बोटं पुढे टेकतात, बोटांना मुंग्या येतात किंवा ती बधिर होतात, टोपीची कड हाडावर रुतते, रात्री बूट काढल्यावरही दुखत राहतं, किंवा दोन आठवडे झाले तरी त्रास तेवढाच आहे, तर बूट चुकलेला आहे. तो बदला. मुलाने सोसायचं नाही.

शाळेत आणि संस्थेत काय करता येईल?

1. बूट एकत्र मागवत असाल तर नंबर तोंडी विचारू नका. मुलांना कागदावर उभं करून, पेन्सिल सरळ धरून, दोन्ही पायांची आखणी करून घ्या. लांबी आणि चवड्याची रुंदी दोन्ही लिहा. संध्याकाळच्या तासाला हे केलं तर उत्तम.

2. बूट वाटपाचा दिवस आणि कार्यशाळेचा पहिला दिवस एकच ठेवू नका. मधे दोन आठवडे असू द्या. त्या काळात बूट तासाभरासाठी थिअरीच्या वर्गात घालू द्या.

3. प्रथमोपचाराच्या पेटीत कापडी चिकटपट्टी आणि मऊ गादीच्या पट्ट्या ठेवा.

4. दर दोन दिवसांनी एक प्रश्न विचारा : 'कुणाला कुठे लागतंय?' हात वर करायला मुलं लाजतात, म्हणून चिठ्ठी लिहून घ्या किंवा पायाच्या आखणीवर खूण करायला सांगा. ज्यांच्या घरात आजवर कुणी असे बूट घातले नाहीत, त्या मुलांना वाटतं की दुखणं हा आपलाच कमकुवतपणा आहे. तो समज आपणच काढू शकतो.

5. विज्ञानाच्या तासाला हे बूटच टेबलावर ठेवा. भारतीय मानक आयएस 15298 च्या दुसऱ्या भागात सेफ्टी शूजची टोपी 200 ज्यूलचा आघात सोसेल अशी अट आहे. मुलांना विचारा, 200 ज्यूल म्हणजे किती? 20 किलोची वस्तू साधारण एक मीटर उंचीवरून पडली तर 20 × 9.8 × 1 म्हणजे 196 ज्यूल. म्हणजे कंबरेएवढ्या टेबलावरून घसरलेला जड लोखंडी सुटा भाग. एका पायात 26 हाडं असतात. एवढा आघात उघड्या बोटांवर झाला तर काय होईल, याची कल्पना मुलं स्वतःच करतात. वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

पालकहो, तुमच्याकडून एकच अपेक्षा. मुलगा किंवा मुलगी नवे बूट घेऊन घरी आली की ते पहिल्या दिवसासाठी पेटीत ठेवू नका. त्याच संध्याकाळी घालायला लावा, घरात फिरू द्या आणि रात्री एकदा पाय पाहा. टोपीत कितीही ताकद असली तरी ती पायात असेल तेव्हाच उपयोगी. आणि बूट पायात राहायचा असेल तर तो आधी पायाला सुखाचा व्हायला हवा.